भरल्या पोटीचा हात

“ठेव ते खाली,” आत्या म्हणाल्या.

माझ्या हातात त्या हंगामातलं पहिलं, तासाभरापूर्वी जन्मलेलं कोकरू होतं. त्याचे पाय अजून ओले होते आणि ते माझ्या पदराचं टोक चोखत होतं. मी हसतच म्हटलं, “आवो आत्या, आयकडंच न्हेतीया त्याला.”

“ठेव म्हनलं न्हवं. आन हात धू. आदी राखंनं, मग साबनानं. आजपासनं मेंढराला हात लावायचा न्हाई.”

आजूबाजूला वाड्यातल्या चार बाया होत्या. वाडा म्हणजे आमचा तळ. चार-पाच धनगर कुटुंबं मेंढरं घेऊन एकत्र फिरतात, पीक निघालेल्या रानात पालं टाकतात, त्याला आम्ही वाडा म्हणतो. इथे भिंती नसतात, त्यामुळे सासू सुनेला काय बोलली ते सगळ्यांना फुकटात ऐकायला मिळतं. माझी मोठी जाऊ, दोन लेकांची आई केराबाई, भाकरी थापता थापता थांबली आणि मान खाली घालून पुन्हा थापायला लागली. मी कोकरू खाली ठेवलं. तोंडाला राख फासल्यासारखं झालं मला. मला तेव्हा पाचवा महिना लागला होता, आणि आमच्या वाड्यात पाचव्या महिन्याच्या बाईला मेंढरापासून हाकलणं म्हणजे काय, हे त्या चौघींनाही ठाऊक होतं.

आमच्यात एक समज होता. अडलेल्या मेंढीला गरवार बाईचा हात लागला की ती सुखानं सुटते. ‘भरल्या पोटीचा हात’ म्हणायचे त्याला. मेंढी पाय झाडायला लागली की बाया हाक मारायच्या, “आगं, भरल्या पोटीची कोन हाय का?” आणि जी कोणी असेल तिला तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळावं लागायचं. त्या बाईचा मान मोठा. व्यालेल्या मेंढीच्या चिकाची पहिली वाटी तिला. मेंढी नीट सुटली की गावोगावच्या पावण्यांना सांगायचं, अमक्याच्या सुनेच्या हाताला यश आहे.

आणि हा समज सगळ्यात घट्ट कुणी धरला असेल, तर तो माझ्या सासूबाईंनी, सुगलाबाईंनी. त्या मेंढरांच्या दाईच होत्या. आत कोकराचा पाय दुमडलाय की मान वळलीय, हे डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायच्या. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं, तर तिचा जार, म्हणजे वार, पोरक्या कोकराच्या अंगाला चोळून ते तिला लावून द्यायच्या. मेंढी हुंगायची, फसायची आणि पाजायला लागायची. “मेंढीची माया नाकात आसती,” असं त्या म्हणायच्या. लांबलांबच्या वाड्यांतून त्यांना बोलावणं यायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत मला दिवस राहिले, तेव्हा आत्यांनी मला नव्या गाडीसारखं मिरवलं. “माझ्या सुनंचा हात लागू दे,” म्हणून हरेक मेंढीपाशी स्वतः घेऊन गेल्या. मी दहावीपर्यंत शाळेत रमलेली पोर, मला काही येत नव्हतं. कोकराच्या नाकातला चिकटा बोटानं कसा काढायचा, फुंकर कशी घालायची, जार कसा चोळायचा, सगळं त्यांनी शिकवलं. पण त्या वर्षी काहीतरी बिनसलं होतं. मेंढ्या दिवस भरायच्या आतच गाभडायला लागल्या. आज एक, परवा दोन. जितक्या मेंढ्या गाभडल्या तितकी माझ्या हाताला हाक जास्त आली. मग मला ताप भरला, अंग मोडून आलं, आणि पाचव्या महिन्यात माझंही गेलं.

सगळं आत्यांनीच निस्तरलं. धडप्यात गुंडाळून त्या एकट्याच बांधाकडे गेल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला माहेरी पाठवलं.

दोन महिन्यांनी परत आले तर वाड्याची रीतच बदललेली. मधल्या काळात जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते, मेंढरांचं रक्त तपासायला नेलं होतं. माझे मालक, म्हाळू, मला सांगत होते. गाभ टाकायचा रोग आहे म्हणे. बाजारातून हौसेनं आणलेला तो दांडगा मेंढा, त्याच्याबरोबरच कळपात शिरला असावा. रक्तात रोग निघालेली जनावरं, त्या मेंढ्यासकट, कळपातून काढली होती. आता गाभडलेली मेंढी लगेच वेगळ्या वाघरीत, म्हणजे वेगळ्या जाळीच्या कुंपणात घालायची. जार आणि मेलेलं कोकरू कुत्र्याला लागणार नाही इतकं खोल पुरायचं, वर चुना टाकायचा. नवा मेंढा रक्त तपासल्याशिवाय आणायचा नाही. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. पोरकं कोकरू लावून द्यायची चोळाचोळी बंद. आणि मेंढीला हात घालायचा तर मोजे घालून. डॉक्टरांनी दिलेले मोजे आठवड्यात संपले, मग दुकानातनं आणलेल्या लांब प्लास्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत चढवून वर सुतळी बांधायची. सासरे हयात असते तर पोट धरून हसले असते.

डॉक्टर निकाल सांगायला आले ते भर दुपारी. गडी सगळे रानात होते, बाया पाण्याला गेलेल्या. त्यामुळे त्यांनी जे सांगितलं ते आत्यांनीच ऐकलं, आणि आत्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच वाड्याला कळलं. हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ गेला.

मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी लाजत लाजत आत्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, “बरं,” म्हणाल्या आणि पाण्याला निघून गेल्या. मला वाटलं होतं, निदान पाठीवरून हात तरी फिरवतील.

आणि आता हे, चारचौघींत कोकरू खाली ठेवायला लावणं. तेवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी आमचं पाल मेंढरांच्या वाघरीजवळून उचलून रानाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकलं. माझं पाणी वेगळं, दूध वेगळं. लोकर कातरणीला मी नको, शेण-लेंड्या लोटायला मी नको. मेंढी व्यायला लागली की आत्या आधी मी कुठे आहे ते बघायच्या आणि मगच तिच्याकडे जायच्या. “भरल्या पोटीची कोन हाय का?” अशी हाक आली, तर त्याच ओरडायच्या, “कोन न्हाई.” मी तर टोपल्याएवढं पोट घेऊन समोर उभी असायची.

केराबाई काही मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “हाताला यशच न्हाई म्हनल्यावर सासूनं तरी काय करावं.”

झालं, मला उमगलं. माझं पहिलं गेलं, म्हणून माझा हात बाटला. आणि हे दुसरंही गेलं, तर या वाड्यात मला कोण ठेवून घेईल? त्या दिवसांत माझ्या जिवाला हाच एक घोर होता. रात्री पोटावर हात ठेवून पडायची. आत हललं की बरं वाटायचं, नाही हललं की घाम फुटायचा.

मी म्हाळूंना विचारलं, “आत्यांनी मला वाळीत का टाकलंय?”

“आय म्हनती तसं कर की.”

“पन का?”

“आयला इचार.”

“तुमी इचारा.”

“मी?” ते म्हणाले, “आगं, मला आजून चार वर्सं जगायचंय.”

शेवटी मीच धीर करून विचारलं. आत्या चुलीशी बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाकर करपतीया.” तव्यावर भाकरी नव्हतीच.

सातव्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. केराबाई आणि बाकीच्या बाया बाजाराला गेलेल्या, गडी मेंढरं घेऊन लांब. तळावर दिवस भरलेल्या तीन-चार मेंढ्या, मी आणि आत्या. आत्यांना सकाळपासून ताप होता. त्या पालात घोंगडं घेऊन पडल्या होत्या. हा ताप त्यांना अधूनमधून यायचा, संध्याकाळी चढायचा, घामानं उतरायचा, आणि विचारलं की “वाऱ्याचा हाय” म्हणायच्या.

मागे राहिलेल्या मेंढ्यांत लाखी होती. ती माझ्या बानं लग्नात मला दिलेली, कपाळावर लाखेसारखा तांबडा डाग असलेली. तिचं रक्त चांगलं निघालं होतं, म्हणून ती कळपात राहिली. माहेरचं माणूस म्हणावं असं त्या वाड्यात तिच्याशिवाय माझं कोणी नव्हतं. माझ्या पालापर्यंत यायची आणि मी दगड उगारला की वाईट वाटून परत जायची. मला तो दगड उगारायला लागायचा, ते वेगळंच.

दुपारी ती आडवी झाली. मी लांबूनच बघत होते. पाणी फुटलं, कळा सुरू झाल्या, एक खूर बाहेर दिसला. एकच. दुसरा आत दुमडलेला असणार, एवढं आता मला कळत होतं. ती जोर करायची, मान टाकायची, पुन्हा जोर करायची. मग ओरडायचीही बंद झाली. मी आत्यांना हाक मारली. पालातून काही आवाज आला नाही. मी पदर खोचला आणि चालायला लागले. पळता येत नव्हतं, नाहीतर पळालेच असते.

लाखी दहा पावलांवर राहिली असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी दोन्ही मनगटं धरली.

आत्या होत्या. अनवाणी, केस सुटलेले. त्यांचे हात तव्यासारखे तापले होते, पण पकड अशी की मला हिसका मारता येईना.

“सोडा आत्या.”

“न्हाई.”

“ती मरंल.”

“मरू दे.”

सबंध आयुष्य मेंढरांच्या बाळंतपणात घालवलेल्या बाईच्या तोंडून हा शब्द ऐकून माझा कानांवर विश्वास बसेना. मग मात्र माझा तोल गेला. सासू-सुनेची मर्यादा, सगळं बाजूला राहिलं.

“माझा हात बाटलाय, म्हना की येकदाचं. माझं गेलं म्हून माझ्या हाताला यश न्हाई. समद्या वाड्याला ठावं हाय. तुमीच तेवढं तोंडानं म्हनत न्हाईसा. मला माघारी धाडा माहेरी, पन हिला मरू दिऊ नगा. माझ्या बानं दिल्याली हाय ती.”

लाखीनं एकदा बारीक आवाज काढला. आत्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे.

“तुला सोडली तर तू जाशील,” त्या म्हणाल्या. “आन न सोडली तर लाखी जाईल.”

“मग सोडा.”

“सोडती. पन आदी आयकून घे. आयकल्यावर बी तुला तिला हात लावायचा आसंल, तर जा.”

त्यांनी माझी मनगटं आणखी घट्ट धरली.

“त्यो डॉक्टर आलता तवा म्हनला, आजी, ह्यो रोग मानसाला बी हुतो. जारातनं, व्यातानाच्या पान्यातनं, कच्च्या दुदातनं. ताप येतो, सांदं धरत्यात. आन बाई पोटुशी आसली, तर तिचं बी जातं म्हनला, मेंढीवानी. मग मला इचारलं त्यानं, तुमच्यात कोन पोटुशी हाय का?”

त्यांची पकड जराशी सैल झाली.

“मी म्हनलं, व्हती.”

रानात वारा होता. लांब कुठेतरी पाण्याचं इंजिन चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

“तुला मीच न्हेली, रतन. हरेक मेंढीपाशी. माझ्या सुनंचा हात, माझ्या सुनंचा हात म्हनून. जार चोळायला मीच लावलं. चिकाची वाटी मीच तुझ्या तोंडाला लावली. मी डॉक्टरला इचारलं, तिचं त्यानंच गेलं का? म्हनला, आता नक्की सांगता यायचं न्हाई. त्याला सांगता यायचं न्हाई. मला ठावं हाय न्हवं.”

“मला का न्हाई सांगितलंसा?”

“कुन्या तोंडानं सांगू?”

आणि त्यांनी माझे हात सोडले.

मी गेले नाही. मी होते तिथे, ढेकळांत बसले. आत्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या, खात्री पटली तशा वळल्या. पालातून पिशव्या आणल्या, दातांनी सुतळी ओढून कोपराला गाठ मारली, पदर नाकावरून बांधला आणि तापानं हलत लाखीच्या मागे गुडघ्यांवर बसल्या. पिशवीतून बोटांना नीट कळत नसावं, कारण त्या पुन्हा पुन्हा हात आत घालत होत्या आणि स्वतःशी पुटपुटत होत्या. मी तिकडे बघत होते आणि दोन्ही हात पोटाशी धरून ठेवले होते. मला लाखीची काळजी होती, पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी मनात माझ्याच लेकराशी बोलत होते. राहा रे बाबा, राहा.

पाय सरळ झाला. कोकरू एकदम घसरून बाहेर आलं. आत्यांनी त्याचं नाक फडक्यानं पुसलं, मागचे पाय धरून उलटं केलं, आणि ते ठसकलं. लाखीनं मान वळवली आणि चाटायला सुरुवात केली. आत्यांनी ते कोकरू मला दिसावं म्हणून थोडं वर उचललं, जवळ मात्र आणलं नाही. मी मान हलवली.

मग त्यांनी जार पडेपर्यंत वाट बघितली, खड्डा खणला, चुना टाकला, पिशव्या जाळल्या, हात धुतले. ताप अंगात असताना हे सगळं. मी मदतीला उठले की हातानंच ‘बस’ अशी खूण. सगळं झाल्यावर त्या माझ्यापासून वावभर अंतर ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, “आता काय शिव्या द्यायच्या त्या दे. कोन न्हाई आयकायला.”

शिव्या मला येत नव्हत्या अशातला भाग नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“काय व्हतं, आत्या?”

त्यांना लगेच समजलं.

“लेक व्हती.”

“कुटं ठिवलीसा?”

“बांधावरच्या करंजाखाली. वर दगड ठिवलाय, कुत्रं येऊ नाही म्हून. यंदा त्या रानाला तळ मीच नगं म्हनलं. तुला कसं न्हेऊ? येकलीच जाऊन आले, गेल्या म्हैन्यात. ठिकाना हाय तसा हाय.”

मी रडले. त्याही रडल्या, पण त्यांचं रडणं आवाज न करता, जात्यावर बसल्यासारखं पुढेमागे हलत. बऱ्याच वेळानं मी डोळे पुसले, तेव्हा त्यांच्या अंगाला घाम सुटलेला दिसला. ताप उतरत होता. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला.

“आत्या, ह्यो ताप तुमाला कवापासनं येतो?”

“येतो, जातो.”

“आन गुडगं?”

“वयानं दुखत्यात.”

“डॉक्टरनं तुमाला सोताला तपासून घ्यायला सांगितलं आसंल.”

त्या जमिनीवरचं ढेकूळ फोडत राहिल्या. “सांगितलं.”

“मग?”

“तुझं गेलं,” त्या म्हणाल्या. “मला यवढं तरी भोगू दे की.”

मला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नसेल, आणि त्या रागात इतकी माया आली नसेल. वर्षभर ही बाई ताप अंगावर काढत होती आणि त्याला शिक्षा म्हणत होती. मी उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“उद्या दवाखान्यात जायचं. मी येती संगट. न्हाई आलासा, तर ह्ये लेकरू तुमच्या मांडीवर द्यायची न्हाई. बिरोबाची आन.”

“आगं, आन कशाला घालतीस.”

“घातली.”

“सासूला आन घालतीया. लई शिकलीस तू,” असं म्हणत त्या उठायला लागल्या. गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी तो घ्यावा की नाही, असा विचार केला. मग घेतला.

दिवस कलायच्या सुमारास बाया बाजारातून आल्या. केराबाईनं डोक्यावरची पाटी उतरवायच्या आत लाखीजवळचं कोकरू बघितलं. एकच खूर पुढे येऊन लाखी अडली होती, हेही आत्यांनी सांगितलं.

“मग सोडवली कुनी? तुमी तर तापानं पडला व्हता,” केराबाई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला ठाऊक होतं.

आत्या पालाच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी सावकाश पानाला चुना लावला.

“रतननं सोडवली,” त्या म्हणाल्या.

“हात लावला तिनं?”

“हात कशाला लावती? तिथं लांब बसून बगितलं नुसतं. भरल्या पोटीनं लांबनं बगावं, मेंढी आपसूक सुटती. हात लावला की त्यो गुन जातो. आपुन इतकी वर्सं उलटंच करत व्हतो, म्हून तर समदं बिगडलं.”

“आसं डॉक्टर म्हनला?” एका बाईनं विचारलं.

“डॉक्टरला काय कळतंय त्यातलं,” आत्या म्हणाल्या. “मी सांगतीया.”

सुगलाबाई सांगते म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? डॉक्टरांनी पोटुशीला लांब ठेवा असं शंभरदा सांगितलं असतं, तर बायांनी पन्नासदा मान हलवली असती आणि मेंढी अडल्यावर पुन्हा मलाच हाक मारली असती. आत्यांनी ते ओळखलं होतं. दोन दिवसांनी बाया मला हाक मारायला आल्या, पण हात धरून वाघरीत न्यायला नव्हे. रानाच्या कडेला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला घोंगडं अंथरून दिलं आणि म्हणाल्या, “हितं बस आन बग.” केराबाईनं उकळलेलं दूध आणून दिलं. उरलेले दोन महिने मी एखाद्या देवीसारखी बसून नुसती बघत होते.

आणखी एक गोष्ट आत्यांनी केली, ती मात्र चुलीशी, पालाआड. वाड्यातल्या हरेक बाईला एकेकटीला जवळ बसवून खरं कारणही सांगितलं. “समज इसरला तर इसरू दे, ह्ये इसरायचं न्हाई,” असं बजावून.

दवाखान्यात त्यांच्या रक्तात तोच रोग निघाला. दीड महिना गोळ्या चालल्या. त्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आत्यांनी ते काही कानावर घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी म्हाळूंना बोलावून मेंढरांची वाटणी कशी करायची ते सांगून टाकलं होतं. मी समजावलं तेव्हा ओशाळल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. ताप गेला, गुडघे पुष्कळ सुधारले. माझंही रक्त तपासलं, ते चांगलं निघालं.

वैजूचा जन्म तालुक्याच्या दवाखान्यात झाला. नर्सनं विचारलं, “कोण घेतंय?” आत्या पुढे आल्या, मग थांबल्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, “माझ्या हातानं हिला काय व्हनार न्हाई न्हवं?” त्या म्हणाल्या, “काही होत नाही आजी, घ्या.” तरी आत्यांनी पुन्हा एकदा नळाखाली हात धुतले.

याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या वाड्यातल्या पोरी लग्न होऊन दुसऱ्या वाड्यांत गेल्या, त्यांच्याबरोबर आत्यांचं ते सांगणंही गेलं. गेल्या साली बिरोबाच्या जत्रेत आम्ही तिघी, आत्या, मी आणि नऊ वर्षांची वैजू, एका लिंबाखाली सावलीला बसलो होतो. शेजारी कर्नाटकाच्या अंगाकडची एक धनगरीण होती. तिची सून तान्हं घेऊन बसली होती. बोलता बोलता ती आत्यांना सांगायला लागली, त्यांच्याकडे मेंढ्या कशा गाभडत होत्या, आणि तरी सून कशी सुखरूप राहिली.

“आमच्यात जुनी चाल हाय, आजी,” ती म्हणाली. “भरल्या पोटीनं लांबनं बगायचं, मेंढराला हात लावायचा न्हाई. पार आज्या-पणज्यापासनंची चाल. तुमच्याकडं हाय का न्हाई, कुनाला ठावं.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “बरी चाल हाय,” एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केले. “बगू लेकरू.”

सुनेनं तान्हं त्यांच्या मांडीवर दिलं. ती मुलगी होती. आत्यांनी तिच्या टाळूवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

“माझ्या थोरल्या नातीचं आयुष्य लागू दे तुला.”

त्या बाईला ते खटकलं. तिनं वैजूकडे बघितलं. “आवो, आसं काय बोलता? ही बसलीया न्हवं का तुमची थोरली नात, जितीजागती.”

“न्हाई,” आत्या म्हणाल्या. “ही धाकटी.”